चूल गरम होती

“शंभरातल्या किती म्हणालीस?”

“ब्याण्णव, बुवा.”

हेमगिरीबुवा नुकतेच भिक्षेहून परतले होते. खांद्यावरची झोळी अजून उतरली नव्हती. मठाच्या ओसरीवर वैजयंता मांडीवर फाईल घेऊन बसली होती. याच कोळदऱ्यातल्या शंभर घरांत तिच्या संस्थेने बिनधुराच्या चुली बसवल्या होत्या. चुलीचा साचा तिनेच निवडला होता. वर्षभरात तीनदा घरोघर जाऊन पाहणीही तिनेच केली होती.

उद्या तालुक्याला बैठक होती. तिचा अहवाल मंजूर झाला की आणखी चाळीस गावांत हीच चूल जाणार होती. कुठल्याही मोठ्या कामाआधी बुवांच्या पाया पडायची तिची लहानपणापासूनची सवय. म्हणून आली होती.

“ब्याण्णव घरांत नवीन चूल रोज पेटते,” ती म्हणाली. “बाकीचे लोक नुसतं विचारतात आणि लिहून मोकळे होतात. मी प्रत्येक चुलीला हात लावला, बुवा. गरम होती.”

“हात भाजला का?”

“एकदा.” तिने तळव्यावरचा डाग कौतुकाने दाखवला.

बुवांनी झोळी उतरवून तिच्या पुढ्यात ठेवली.

“पाच घरच्या भाकरी आहेत. वास घे.”

तिने वरची भाकरी नाकाशी नेली. मग दुसरी. मग तिसरी...

“धुराचा आहे.”

“हं.”

“पण बुवा, एखाद्या दिवशी जुनी चूल पेटवतही असतील. पाच घरांवरून सगळ्या गावाचं कसं...”

“रोज पाच. रोज वेगळी. वीस दिवसांत गाव पुरं होतं. वास रोज हाच.”

तिने भाकरी परत झोळीत ठेवली.

“मी काही शिकलेला नाही,” बुवा म्हणाले. “पोट सांगतं तेवढंच मला कळतं. वर्षात तीनदा भाकरी आतून कच्ची आली. पाचही घरची. एकदा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. एकदा चंपाषष्ठीनंतरच्या सोमवारी. आणि होळीच्या आदल्या दिवशी. तिन्ही वेळा पोट धरून बसलो.”

वैजयंताने फाईल उघडली नाही. ते तिन्ही दिवस तिला पाठ होते.

“त्या दिवशी मी...”

“आली होतीस.”

तेवढ्यात गावातली सोजरबाई मठासाठी पाण्याची घागर घेऊन आली. ओसरीवर कोण बसलंय ते पाहून जागीच थबकली.

“अगं बया! ताई, तुमी आज? कळवलं न्हाई ते!”

घागर पायरीवर टेकवून ती पदर खोचत माघारी वळली.

“सोजरमावशी, कुठे निघालात?”

“आलेच. तुमी बसा बुवांशी बोलत घटकाभर. मग या वरल्या आळीतनं, हळूहळू. तवर...”

“तोवर काय?”

सोजरबाईने बुवांकडे पाहिलं. बुवा झोळीतल्या भाकरी नीट रचत होते.

“तोवर चूल पेटवणार?”

सोजरबाईने पदराने डोळे पुसले. डोळे लाल होते, पाणी गळत होतं. ते नेहमीच गळे. फाईलमध्ये तिच्या नावापुढे ‘डोळ्यांचा त्रास कमी झाला’ असं लिहिलेलं होतं.

“चूल वाईट न्हाई, ताई,” ती शेवटी म्हणाली. “तोंड तेवढं बारीक हाय. भाकर निखाऱ्याला उभी करायला जागाच न्हाई. मग आतून वली राहती.”

“मग मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं ना? चूल आवडली का म्हणून?”

“तुमी इतक्या हौसेनं इचारलंत... न्हाई कसं म्हणायचं?”

मग तीच पुढे म्हणाली, “पहिल्या पाहणीला माझ्या शेजारच्या कौसाकडं चूल गार घावली तुमाला. तुमचं तोंड एवढंसं झालं. मग कौसानं मागल्या दारानं घरोघर निरोप धाडला. लेकरू उन्हातनं आलंय, नोकरी जाईल तिची. पेटवा गं.”

“आणि घरातल्यांना कच्ची भाकरी?”

“छ्या! तुमी गेल्यावर जुन्या चुलीवर दुसऱ्या करतो की. बुवा तेवढे मधेच येत्यात.”

सोजरबाई हसली. बुवाही हसले.

वैजयंताने डागाचा हात पदराखाली घेतला.

ब्याण्णव घरं. तीन वेळा. प्रत्येक वेळी दोनदा स्वयंपाक. ते सर्पण डोंगरातून डोक्यावर आणताना तिने या बायकांना पाहिलं होतं. त्याचे फोटोही काढले होते.

“मग येताय का घरी?” सोजरबाईने विचारलं. “पेटवू?”

“नको, मावशी.”

सोजरबाईने घागर आत नेऊन ठेवली. जाताना तिच्या खांद्याला हात लावून गेली.

वैजयंताने फाईल उघडली. ब्याण्णववर रेघ मारली.

“बुवा, उद्या काय वाचू?”

बुवांनी एक भाकरी मोडली. अर्धी तिच्यापुढे धरली.

तिने हात पुढे केला नाही. मान खाली घातली.

“कुठल्या तोंडाने घेऊ, बुवा?”

“घे. आज तू न सांगता आलीस. चांगली भाजली आहे.”