राजाची मिशी किती बोटं?

राजाचा नवा रथ वेशीबाहेर निघाला आणि दहाव्या पावलाला चाक निसटलं! राजा थेट शेणाच्या पाटीत!

चाक खडकोलीच्या सुतारानं केलेलं, त्यात बसणारा आस भिवा सुताराच्या घरचा. भोक मोठं, आस बारीक. दरबाऱ्यांनी गोणपाट कोंबून कसंबसं बसवलं होतं.

"दोघांना एकाच नमुन्याचा कागद धाडला!" राजा गरजला. "भोक आठ बोटं, आस आठ बोटं! भिवानं लाकूड चोरलं! उद्या दुपारपर्यंत माझ्या कागदात चूक दाखवा, नाहीतर भिवा राज्याबाहेर!"

कागदात चूक कुठली सापडणार? भिवाची लेक गोजरा रात्रभर कपाळ बडवत बसली. कारण आस तिनंच मापला होता, स्वतःच्या काडीसारख्या बोटांनी! 'बाबा, तुम्ही बसा, मला येतं सगळं,' असं वर ऐटीत म्हणाली होती. दोन यत्ता शिकलेलं शहाणपण ते!

दुपारी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, कागदात चूक नाहीच."

"मग तुझा बाप निघाला!"

"थांबा की! याच बोटांच्या मापानं तुमची मिशी मापून घेऊ."

मिशी म्हणजे राजाचा जीव की प्राण. रोज तूप लावायचा. दरबारातल्या दौला पैलवानानं मिशीवर बोटं टेकवली. "सहा!"

"फक्त सहा?" राजा किंचाळला.

मग गोजरानं मापली. "दहा!"

"महाराज, मिशी तीच, माप बोटांचंच. मग चार बोटं मिशी गेली कुठं?"

"अगं कार्टे, त्याचं बोट केळ्याएवढं आणि तुझं काडीएवढं!"

"हेच म्हणते मी! कागद गावोगाव धाडलात, बोट कुठं धाडलंत? खडकोलीच्या सुताराचं बोट या दौलादादासारखं. आणि आस मापणारी गाढव ही तुमच्यासमोर उभी आहे!"

राजा पोट धरून हसला. "भिवाला सोडा! यापुढं प्रत्येक कागदासोबत एका बोटाची पट्टी जाईल. बोलवा सोनाराला! पण माप कुणाच्या बोटाचं?"

दौलानं लगेच बोट पुढं केलं. राजानं घाबरून मिशीवर हात ठेवला.

"हिच्या! पहिली चांदीची पट्टी हिलाच द्या. दोन्ही सुतारांना म्हणावं, या पट्टीनं चाक आणि आस नव्यानं करा. आणि पोरी, नव्या रथात पहिली तू बसायचं!"

"बसते की महाराज," गोजरा म्हणाली. "पण आस मापायला या वेळी बाबांना सांगा!"