कुंभारआळीचा बेइमान

"या आळीत बेइमान आहेत! त्यांना माझ्यासमोर उभं करा, नाहीतर नळ विसरा!"

निमखेडीचे नगराध्यक्ष तात्यासाहेब कुंभारआळीच्या तोंडाशी उभे राहून गरजत होते. आदल्याच दिवशी निकाल लागला होता. तात्यासाहेब पुन्हा निवडून आले होते, गुलालानं त्यांचे कान अजून लाल होते. पण प्रत्येक केंद्राची मतं वेगळी मोजतात, तिथं घात झाला. सगळ्या गावानं भरभरून दिलं आणि कुंभारआळीच्या केंद्रावर विरोधकाची सरशी! जिंकलेल्या माणसानं खरं तर हे सोडून द्यावं. पण तात्यासाहेबांना पंगतभर पक्वान्नं वाढली तरी दाताखाली आलेला खडाच लक्षात राहायचा.

त्यातून मतदानाआधी त्यांनी अख्ख्या आळीला खंडोबाच्या देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला होता. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातात धरून जो तो म्हणाला होता, "मत तात्यासाहेबांनाच!" कोर्टातली शपथ मोडली तर वकील सांभाळून घेतो. बेलभंडारा मोडला तर निमखेडीत कुणी सांभाळून घेत नाही.

आळीतले म्हातारे धोंडीबापू हात जोडून म्हणाले, "सायेब, मत गुपित असतंय. कुनी कुनाला दिलं ते देवालाच ठावं."

"मग देवाला विचारा! पण बेइमान दाखवा. तोवर पाइप जिथं आहे तिथून तसूभर हलणार नाही!"

पाइप बाजारपेठेच्या टोकाला येऊन थांबला होता. पुढं कुंभारआळी, आणि तिथं आड आटलेला. बायका दूरच्या ओढ्यावरून घागरी आणत. ते पाणी प्यायलाच पुरेना, तर माती कशानं भिजवायची? चाकं थांबली होती. गावाला माठ पुरवणाऱ्या आळीतच माठ कोरडे पडले होते, आणि नळ गेला तर आळीनं खायचं काय हाच प्रश्न होता.

तेवढ्यात गर्दीतून सगुणा पुढं आली. बाजारात माठ विकणारी बाई, तिच्याशी भाव करायला भलेभले कचरत. तिनं स्वतः मत कुणाला दिलं होतं, ते मात्र मला विचारू नका.

"तात्यासायेब, बेइमान मी दाखवते!"

आळी हबकली. धोंडीबापूंनी कपाळाला हात लावला.

"कसा दाखवशील?"

"तुमीच म्हनला न्हवं, देवाला इचारा? खंडोबाच्या टेकडीचं पाणी खोट्याच्या भांड्यात ठरत न्हाई. जुनी मानसं सांगत्यात. ज्यानं बेलभंडारा मोडला, त्याची घागर भरायचीच न्हाई!"

असं काही सांगितल्याचं आळीतल्या एकाही जुन्या माणसाला आठवेना. पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

गावाची टाकी टेकडीवर, देवळाला लागूनच होती. तात्यासाहेब उतावीळपणे म्हणाले, "मग चला टेकडीवर! घ्या घागरी!"

"छ्या! तिथं गर्दीत कुनाची घागर कुनाची, कसं कळायचं? आन टँकरनं आनलं तर पाणी बाटलं. टेकडीवरनं थेट दारात आलं पायजे. ज्याच्या त्याच्या दारात नळ, नळाखाली ज्याची त्याची घागर. मग बघा, कोन उघडा पडतोय!"

नगरपंचायतीचा कारकून कानाशी लागला, "साहेब, त्यासाठी पाइप टाकावा लागेल..."

"टाका! मला बेइमान पाहिजे!"

"आनि येक," सगुणा म्हणाली, "भंडारा तुमीबी उचलला हुता. घरोघर पाणी देईन म्हनून. तवा तुमचीबी घागर मांडा!"

"मांडतो! मी काय भितो?"

जी फाइल कधी टेबलावरून उठली नव्हती, ती पळत सुटली! खड्डे खणले, पाइप जोडले, दारोदार तोट्या बसल्या. ठरल्या सकाळी आळीभर घागरी मांडल्या गेल्या. पहिल्या नळाखाली तात्यासाहेबांची चकचकीत पितळी घागर होती. काही जणांना मात्र दरदरून घाम फुटला होता. सगुणाच्या थापेवर त्यांचाही अर्धामुर्धा विश्वास बसला होता!

टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. नळ खोकले, गढूळ पाणी थुंकले, आणि मग स्वच्छ धार लागली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडीबापूंनी धारेखाली हात धरला आणि तो काढायचंच विसरले.

तात्यासाहेब एकेका घागरीत वाकून बघत निघाले. "ही भरली... ही पण भरली..." आळीच्या शेवटापर्यंत गेले आणि तावातावानं परत आले.

"सगुणे! सगळ्याच भरल्या की! मला बनवतेस?"

"तुमची भरली का?"

"भरली."

"गेल्या म्हयन्यात भरली असती?"

तात्यासाहेबांनी उगाच घसा खाकरला. "ते राहू दे! बेइमान दाखवते म्हणाली होतीस. मला मत दिलं नाही ते कोणी?"

"रिकाम्या घागरीनं!" सगुणा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "परवापातुर ती हितं दारोदार हुती. आता हुडका. येक जरी घावली, तर खुशाल धरून न्या!"

तात्यासाहेबांनी आळीवर नजर फिरवली. सगळ्या घागरी काठोकाठ भरून वाहत होत्या. त्यांच्या मिशा थरथरल्या. आता स्फोट होणार म्हणून कारकून दोन पावलं मागं सरला. आणि तात्यासाहेब पोट धरून हसायला लागले!

"कारकून! नगरपंचायतीवर स्वीकृत सदस्याची एक जागा आपल्या गटाची आहे ना? ती हिला!"

"पण साहेब, ती जागा आपल्या मेव्हण्यांना..."

"मेव्हण्याला घरी भजी खाऊ दे! ही बाई उद्या विरोधकाकडं गेली तर पुढच्या खेपेला मला घरी बसावं लागेल. काय सगुणाबाई, येणार का?"

"येते की! पर मत कुनाला देनार, ते इचारायचं न्हाई. आन बेलभंडारा तर मुळीच उचलनार न्हाई!"

तात्यासाहेब हसता हसता खालीच बसले. मग आपली भरलेली पितळी घागर उचलून त्यांनी ती सगुणाच्या ओट्यावर नेऊन ठेवली.