शेकोटीपाशी पखवाज

वाद्यं माणसांइतकंच टोचून बोलत, त्या काळातली गोष्ट. दरबारात पखवाजाला मखमली गादी होती. एकदा राणीसाहेबांनी गावकुसाबाहेरच्या हलगीलाही वाजवायला बोलावलं, आणि पखवाजाच्या पोटात दुखू लागलं.

"ती विस्तवावर शेकल्याशिवाय वाजत नाही," तो तंबोऱ्याला म्हणाला. "दरबारात धूर कशाला? अंगणातच राहू दे तिला."

तसंच झालं. श्रावणातली दमट संध्याकाळ होती. अंगणात हलगी कडाडली आणि दरबारातले श्रोते एकेक करून खिडक्यांशी जमले. पखवाज जळफळला. त्याच्यावर थाप पडली, तर ओलसर हवेनं सैलावलेल्या कातडी पुडीतून नुसता भदभद आवाज आला. वादक गुणाजीनं त्याला उचललं आणि थेट अंगणातल्या शेकोटीपाशी नेऊन ठेवलं.

हलगीनं सरकून जागा दिली. "या दादा, इथं ऊब छान लागते."

तिचा चांगुलपणाही त्याला खुपला. तो तोंड फिरवून बसला. हळूहळू कातडं तापलं, वास सुटला.

"केवढा वास येतो तुझ्या कातड्याला," पखवाजानं नाक मुरडलं.

"माझं मघाशीच शेकून झालं, दादा," हलगी हळूच म्हणाली. "आत्ता विस्तवापाशी तुम्हीच आहात."