टिटवीची फिर्याद

माळावर माणूस पोचला नव्हता, तेव्हाची गोष्ट. पाखरांच्या अंड्यांची राखण फौजदार मुंगसाकडे होती. आपलं घरटं कुठे आहे, हे फक्त त्यालाच सांगायचं, अशी रीत होती. टिटवीने सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तिची चारही अंडी गेली.

ती रडत फौजदाराच्या बिळाशी आली, तर दारात त्याचा मेहुणा मिशांवरचा बलक चाटत बसलेला! टिटवीने बिळात हाक मारली.

"साहेब, चोर तुमच्याच दारात!"

"चौकशी होईल," मुंगूस फिस्कारला. "मेहुण्याकडेच देतो. घरचा माणूस आहे, विश्वासाचा."

टिटवीने असा टाहो फोडला, की सगळी पाखरं धावून आली.

"चौकशी आम्ही करू," ती म्हणाली. "आधी सांगा साहेब, माझं घरटं मेहुण्याला दाखवलं कुणी?"