चुलीवरच्या झाकल्या मडक्याची कहाणी

ऐका चूलमाई, तुमची कहाणी. एक आटपाट देश होता. देश मोठा श्रीमंत. राजाच्या कोठारांत धान्य मावेना, उंदीर खाऊन कंटाळले. त्या देशात राही नावाची कुणबीण होती. नवरा नांगरायचा, ती खुरपायची, रान भरभरून पिकायचं. मग खळ्यावर राजाची माणसं यायची, राजाचा वाटा पाट्या भरभरून न्यायची. मागं उरायचा कोंडा.

राही मोठी मानी. घरात दाणा नसला तरी तिन्हीसांजेला चूल पेटवावी, मडक्यात पाणी ओतावं, वर झाकण घालावं. धूर निघाला नाही तर शेजारीण काय म्हणेल? राणी गच्चीवर यायची, धूर बघायची. राणी वाईट नव्हती, गच्चीवरून दिसेल तेवढंच बघायची. राजाला म्हणायची, "घरोघरी रांधतायत. प्रजा सुखी आहे." मग राजा पुढल्या सुगीला आणखी एक पाटी उचलायचा.

एके दिवशी चूलमाई म्हातारीचं रूप घेऊन राहीच्या दारी आली. म्हणाली, "लेकी, मडक्यात काय शिजतंय?" "आजी, भात शिजतोय." म्हातारी निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली. "लेकी, मडक्यात काय शिजतंय?" "आजी, वरण शिजतंय." म्हातारी निघून गेली. तिसऱ्या दिवशी आली. "लेकी, मडक्यात काय शिजतंय?" "आजी, खीर शिजतेय." म्हातारी म्हणाली, "मग भरल्या घरी माझं काय काम?" आणि चालू लागली.

राहीची धाकटी लेक भुकेनं कोपऱ्यात पडून होती. तिनं खीर ऐकलं. भिंत धरून उठली, वाटी घेऊन चुलीपुढं येऊन बसली. राहीचं काळीज फाटलं. धावत गेली, म्हातारीचे पाय धरले. "आजी, मडक्यात पाणी आहे. माझी पोर जाईल हो."

म्हातारी म्हणाली, "उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही." "तर मग सुगी सरली की चुलीवरच्या मडक्याला झाकण घालू नये. शेजारणीला बोलवावं, मडकं दाखवावं. असलं तर वाटून खावं, नसलं तर नाही म्हणावं."

मग राहीनं शेजारच्या धुरपाला बोलावलं, मडकं दाखवलं. धुरपा खाली बसली. म्हणाली, "बाई, माझ्यातही पाणीच गं." मग दोघी तिसरीकडं गेल्या. तिथंही पाणी. होता होता गाव गोळा झालं. बायकांनी उघडी मडकी डोक्यावर घेतली, राहीनं लेक कडेवर घेतली, राजवाड्यात गेल्या.

राणी म्हणाली, "अगं, धूर तर रोज दिसतो." राही म्हणाली, "राणीबाई, धूर लाकडांचा. लाकडं आम्हाला रानात मिळतात." राणीनं एकेक मडकं पाहिलं. तिला फार लाज वाटली. तिनं राजाला खाली बोलावलं, कोठारं उघडवली. राजानं शब्द दिला, आधी घरोघरची मडकी भरतील, मग खळ्यावर माझी पाटी येईल.

राहीनं घरी येऊन भाकरी थापली. लेकीनं खाल्ली, आणखी मागितली. राही म्हणाली, "घे." लेकीला असं म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. तिला रडू कोसळलं. लेक जेवत राहिली.

जशी चूलमाई राहीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, पिकवणाऱ्याच्या घरी आधी पावो. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ऐकणारीच्या चुलीशी सुफळ होवो.