दर्ग्याच्या पायरीवरचं पाणी

“आणि तू तिला काय म्हणालास?”

नानामहाराज मठाच्या विहिरीपाशी उभे होते. विहिरीच्या खांबाला रुकय्याबीचा दोर टांगलेला होता. नानांनी तो हाताने चाचपून पाहिला. दोर कोरडा होता. कालही कोरडाच होता.

“खरं तेच म्हणालो,” अच्युत म्हणाला.

“म्हणजे काय म्हणालास?”

“म्हणालो, मेलेला माणूस समुद्रावर पाणी वाटत फिरत नसतो.”

नानांनी दोर सोडला. तो खांबाशी थोडा वेळ हलत राहिला.

मठ खाडीच्या या काठावर आणि पीरसाहेबांचा दर्गा त्या काठावर. गोडं पाणी मात्र फक्त मठाच्या विहिरीला. दर्ग्याची एक जुनी रीत होती. सगळ्यात खालच्या पायरीवर, समुद्राच्या बाजूला, रोज संध्याकाळी गोड्या पाण्याचा हंडा भरून ठेवायचा. रात्री पीरसाहेब उठतात, ते पाणी घेतात आणि समुद्रात वाट चुकलेल्यांना पाजून येतात. सकाळी हंड्यात पाणी थोडं कमी झालेलं असतं, असं त्या काठाचे लोक सांगत.

हंडा भरायचं काम रुकय्याबीचं होतं. ओहोटीला खाडी गुडघाभर झाली की ती चिखल तुडवत यायची, पाणी शेंदायची आणि हंडा डोक्यावर घेऊन परत जायची. तिचा मुलगा यासीन मच्छीमारीच्या मचव्यावर गेला होता. मचव्याच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. यासीन आला नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं की आता त्याच्या नावाने शेवटची नमाज पढून घेऊ. तिने पढू दिली नाही. ती पाणी भरत राहिली.

अच्युत हा नानांचा पट्टशिष्य. वाईला शिकून आलेला, आवाज गोड, पाठांतर चोख. वादात समोरच्याला गप्प करावं तर अच्युतने, हे सगळा गाव मान्य करी. अच्युतला स्वतःला तर ते फारच मान्य होतं.

त्या दिवशी रुकय्याबी विहिरीवर दम खात बसली आणि आनंदाने म्हणाली, “बुवा, आज हंडा अर्धा झाला व्हता!” तेव्हा अच्युतला हसू आलं. त्याने तिला ऊन सांगितलं, वारा सांगितला, कावळे सांगितले. शेवटी ते मेलेल्या माणसाचंही सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती. मग तिने भरलेला हंडा प्राजक्ताच्या बुंध्याशी ओतला आणि रिकामा घेऊन गेली. तेव्हापासून ती आली नव्हती.

“तुझं बरोबर आहे,” नाना म्हणाले. “मेलेला माणूस पाणी कसं नेणार?”

“तेच म्हणतो मी.”

“हंडा जड असतो.”

“असतोच.”

“त्यापेक्षा समाधीतून उठून खडावा घालून घाट चढणं सोपं.”

अच्युत थबकला.

“नाना, ते वेगळं आहे.”

“कसं वेगळं?”

“आपले थोरले महाराज योगी होते. त्यांना सामर्थ्य होतं. आपल्याकडे परंपरा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्यांच्याकडे नुसती एक गोष्ट आहे.”

“रुकय्याची सासूही पाणी भरायची. तिच्या आधी तिची सासू.”

“ती त्यांची भाबडी समजूत.”

“आणि आपली?”

“श्रद्धा.”

नाना हसले. त्यांच्या तोंडात दात उरले नव्हते, त्यामुळे ते लहान मुलासारखे हसत. अच्युतला त्या हसण्याची धास्ती वाटायची.

“खडावा आण,” नाना म्हणाले. “ताम्हणही आण.”

थोरल्या महाराजांनी या मठात समाधी घेतली, त्याला आता कोणाच्या आजोबांनाही आठवणार नाही इतका काळ झाला. पण महाराज रात्री उठतात, दुःखी माणसांच्या दारी जाऊन येतात, असं मठ मानतो. म्हणून संध्याकाळी समाधीच्या उंबऱ्यावर त्यांच्या खडावा बाहेर तोंड करून ठेवायच्या. पहाटे त्या पितळेच्या ताम्हणात धुवायच्या, पुसायच्या आणि आत तोंड करून ठेवायच्या. हे धुण्याचं काम अच्युतकडे होतं. दुसऱ्या कोणाला तो ते करू देत नसे.

कीर्तनात तो या खडावांचं वर्णन करायचा. कधी त्यांना देशावरची काळी माती असते, कधी कोकणातली तांबडी, कधी कुठल्या अनोळखी नदीची वाळू. ऐकताना बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायच्या.

अच्युतने खडावा आणि ताम्हण आणून नानांसमोर ठेवलं.

“आज पहाटे धुतल्यास?”

“हो.”

“काय निघालं? काळी की तांबडी?”

अच्युतने खडावांची जोडी सरळ केली.

“काल?”

अच्युतने ताम्हण उगाच जरा सरकवलं.

“परवाच्या कीर्तनात तर काळी होती.”

“नाना…”

“एकदा तरी, अच्युता?”

अच्युत हळू आवाजात म्हणाला, “एकदा वाटलं होतं. दिवा जवळ नेऊन पाहिलं… वातीची काजळी पडली होती.”

हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी तो घर सोडून मठात आला होता. त्याची आई आजारात दाराकडे बघत पडून असायची. महाराज येतील म्हणायची. ती गेली तेव्हा अच्युत अंगणात होता, आणि कोणी आलं होतं की नाही हे त्याला कळलं नाही. तेव्हापासून रोज पहाटे तो खडाव उलटी करायचा, तळावरून अंगठा फिरवायचा. लाकूड गार असायचं, गुळगुळीत असायचं. आणि तरी रोज तो खडावा धुवायचा.

“काही निघत नाही,” नाना म्हणाले. “मग धुतोस कशाला?”

वाईत शिकलेलं काहीच तिथे उपयोगी पडलं नाही.

नानांनी खांबावरचा दोर काढून त्याच्या हातात दिला.

“हा ओला कर. मठाची घागर भर आणि त्या काठाला घेऊन जा.”

“मी?”

“आता पुरी ओहोटी आहे. चालत जाता येईल.”

“तिथे जाऊन मी बोलू काय?”

“बोल म्हणून तुला आजवर कोणी सांगितलंय?”

अच्युत लाजला. तरी त्याने शेवटची अडचण काढलीच. “मला परतायला दिवेलागण होईल. खडावा कोण ठेवील?”

“आज मी ठेवतो.”

अच्युतने पाणी शेंदलं. घागर खांद्यावर घेतली, धोतर वर खोचलं आणि तो खाडीत उतरला.

खाडीचा गाळ काळा आणि चिकट. पाय आत जाई तो गुडघ्यापर्यंत, आणि उपसून काढताना घागर हिंदकळे. दोनदा तो पडता पडता वाचला. पाणी पाठीवरून ओघळत होतं. ही बाई रोज या वाटेने भरला हंडा कसा नेत असेल, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला.

रुकय्याबी दर्ग्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. शेजारी हंडा उपडा घातलेला होता.

“बुवा?” ती उठली. “तुमी? चिखलातनं?”

“पाणी आणलंय.”

“कुनाला?”

अच्युतने तोंड उघडलं आणि मिटलं. पीरसाहेबांना म्हणायला जीभ वळेना, आणि दुसरं कोणाचं नाव घ्यावं तेही सुचेना. तो घागर घेऊन तसाच उभा राहिला.

“ठेवा ती खाली, खांदा दुखंल,” ती म्हणाली. “तुमी बोल्लात ते बरोबर हाय, बुवा. कावळे पितात. मला म्हाईत नव्हतं काय? मी डोळ्यांनी बघितलंय. एक तर असा धीट हाय, मी बसलेली असताना येतो.”

“मग इतकी वर्षं तुम्ही…”

“कावळा पितो तर पिऊ दे. त्यालाबी तहान हायच की. पन एका रातीला पीरसायब खरंच उठले, नि हंडा रिकामा असला तर?” तिने समुद्राकडे हात केला. “माज्या यासीनच्या चारी अंगाला पानी, बुवा. प्यायला घोटभर नाय.”

अच्युत खाली बसला. ती बसली होती त्याच पायरीवर, थोडं अंतर ठेवून.

“मग आता हंडा उपडा का?”

“तुमी हसलात ना.” तिच्या आवाजात राग नव्हता. “आता ठेवायला गेलं की ते हसनं ऐकू येतं. हातच उचलत नाय. सांज झाली की हितं येऊन बसते. वाटतं, पोर वाट बघत असंल नि आईनं आज पानी धाडलं नाय…”

तिने पदराने तोंड पुसलं. अच्युतला आपलं ते हसणं आठवलं. ते परत घेता आलं असतं तर त्याने सगळी विद्या देऊन टाकली असती.

मग तिनेच विचारलं, “बुवा, तुमच्या त्या खडावा. वारा हिकडचा असला की तुमचं कीर्तन हितंवर ऐकू येतं. तुमी सांगता, सकाळी त्यांना माती असते. खरंच असते?”

आता फक्त हो म्हणायचं होतं. शेकडो माणसांसमोर तो ते म्हणत आला होता.

“नाही,” अच्युत म्हणाला.

“कदीच नाय?”

“कधीच नाही. रोज दिवा धरून बघतो. बोटाने चाचपतो.” त्याने अंगठा पायरीवरून फिरवला. “एक कणसुद्धा नसतो, रुकय्याबी.”

“नि रोज धुता?”

“रोज धुतो.”

रुकय्याबी त्याच्याकडे बघत राहिली. अच्युतने मान खाली घातली आणि तिच्या हसण्याची वाट पाहिली. त्याला ते चाललं असतं.

ती हसली नाही.

तिने हंडा उचलला, सुलटा केला, काठाला लागलेली वाळू पदराने पुसली आणि तो समुद्राच्या बाजूला पायरीवर नीट टेकवून ठेवला.

“वता,” ती म्हणाली.

अच्युतने दोन्ही हातांनी घागर ओतली. पाणी हंड्याच्या निम्म्यावर येऊन थांबलं.

“वाटेत सांडलं,” तो अपराध्यासारखा म्हणाला.

“पयल्या येळी मीबी सांडलं व्हतं.” तिने हंड्यावर झाकण ठेवलं, मग त्या धीट कावळ्यासाठी ते अर्धवट सरकवलं. “उद्या मी येते. माजा दोर हाय ना जाग्यावर?”

“आहे. ओला आहे.”

“आता निघा, बुवा. भरती लागंल.”

भरती लागलीच होती. परतताना पाणी मांड्यांपर्यंत चढलं, आणि मठाच्या काठाला चढायचा रस्ता सगळा गाळाचा होता. अच्युत अंगणात आला तेव्हा समाधीपुढे दिवा लागला होता. उंबऱ्यावर खडावा होत्या, बाहेर तोंड करून. नाना पायरीवर बसले होते. त्यांच्यापुढे पितळेचं ताम्हण आणि पाण्याचा तांब्या होता.

“ठेवलं का पाणी?”

“ठेवलं. अर्धाच हंडा झाला.”

“ती काय म्हणाली?”

“उद्या येते म्हणाली.”

नानांनी मान हलवली. मग ताम्हण पुढे सरकवलं.

“पाय ठेव.”

अच्युत मागे सरला. “नाना, हे खडावांचं ताम्हण आहे!”

“ठाऊक आहे.”

“आणि तुम्ही माझ्या पायांना…”

“पाय ठेव.”

नानांनी त्याचा घोटा धरला आणि पाय ताम्हणात घेतला. तांब्यातलं पाणी धारेने सोडत ते धुऊ लागले, सावकाश, एकेक बोट. मग पाय जरा वर उचलून त्यांनी तळव्यावरून अंगठा फिरवला. अच्युत रोज पहाटे फिरवायचा, तसाच.

अच्युतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलं नाही.

दोन्ही पाय धुऊन झाले. नानांनी ताम्हण दोन्ही हातांनी उचललं, दिव्याजवळ नेलं आणि आतलं काळं, गढूळ पाणी ते किती तरी वेळ बघत राहिले…

“बघ, अच्युता,” ते म्हणाले, “आज माती निघाली.”