अर्धा रस्ता

गाड्या आपसात बोलत आणि मनाला येईल तिकडे आपल्याआपण जात, त्या काळची ही गोष्ट. घाटाखालच्या माळावर हौशी माणसांनी आपापल्या मोटारींचा मेळावा भरवला होता. रात्री धो धो पाऊस लागला, तशी माणसं धर्मशाळेत जाऊन झोपली आणि गाड्या मांडवाखाली राहिल्या. निळ्या रंगाच्या नीलमला त्या दिवशी पहिलं बक्षीस मिळालं होतं. ती खुशीत होती.

तेवढ्यात गौराक्का ही म्हातारी जीप चिखलाने माखून आली. "बायांनो, ओढ्यावरचा पूल वाहून गेलाय. कुणीतरी चला माझ्याबरोबर. रस्ता रुंद आहे, मी एकटी आडवी उभी राहिले तर अर्धाच अडेल."

"या पावसात? अंगाची काय दशा होईल!" एक लाल मोटार म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

नीलमला हसू आलं नाही. जावं, असं तिला आतून वाटत होतं. पण कालच तिला नवा रंग दिला होता. ती जागची हलली नाही. गौराक्का एकटीच परत फिरली.

पहाटे पाऊस थांबला, तेव्हा नीलम ओढ्याकडे गेली. गौराक्का रस्त्यात आडवी उभी होती. मोकळ्या राहिलेल्या बाजूने चाकांच्या ताज्या खुणा काठापर्यंत गेल्या होत्या आणि खाली पाण्यात दुधाचा एक लहानगा टेम्पो उलटा पडला होता.

नीलम काठाशी जाऊन थांबली. "मी आले असते तर, आक्का?"

"तर तो घरी पोचला असता," गौराक्का म्हणाली.